व्हीआर खेळातली हलकीफुलकी गे प्रेमकादंबरी कशी लिहावी: कुठून सुरुवात, काय टाळायचं

पहिली साठ पानं खेळाचा नकाशा. मग एक राक्षस, मग त्याचा मोठा भाऊ. आणि एकशे दहाव्या पानावर नायकाच्या डोक्यात प्रकाश पडतो की शेजारचा धनुर्धारी आपल्याला आवडतो. या प्रकारची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात आणि सगळी त्याच पानाच्या आसपास दम सोडतात. लिहिणाऱ्याला खेळ माहीत असतो, प्रेमही माहीत असतं, पण दोन्ही वेगळ्या डब्यांत भरून आणलेलं असतं. डबे एकत्र कधी उघडायचे, त्याचा क्रम खाली देतोय.

उदाहरणासाठी एकच कच्चं कथानक शेवटपर्यंत वापरतो. निनाद, वय २६, नाशिकचा, पुण्यात नोकरी, घरमालकिणीच्या मधल्या खोलीत भाड्याने. सुजय, वय २८, कोल्हापूरचा, तोही पुण्यात. दोघं एका व्हीआर खेळात (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायचं, तसला खेळ) एकाच गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत. निनादला वैद्याचं काम घ्यायचं होतं आणि त्या खेळात वैद्याचा अवतार फक्त बाईच्या रूपात मिळतो.

## टप्पा १: आधी खोली, मग दुनिया

खेळातलं जग रचायला बसू नका. पहिला कागद खऱ्या खोलीचा काढा. व्हीआरमधला माणूस दोन ठिकाणी एकदम असतो, आणि हलकीफुलकी कादंबरी त्याच विसंगतीवर जगते.

कागदावर एवढं हवं: उभ्याने खेळायला साधारण साडेसहा फूट लांब-रुंद मोकळी जागा कुठून आणणार? पलंग उभा करणार की रोज टीपॉय बाहेर ठेवणार? दार आतून लागतं का? रात्री शेजारी कोण झोपतं? पंखा कुठे आहे? (समोर टेबलफॅन ठेवून खेळणारे असतात. घाम कमी येतो, मळमळ कमी होते आणि खऱ्या खोलीत आपलं तोंड कुठे आहे तेही कळतं.) हेडसेट जवळपास अर्धा किलोचा, बॅटरी दोन-अडीच तासांची. म्हणजे प्रेमाची कबुली देताना बॅटरी आठ टक्क्यांवर असू शकते, आणि चार्जर दुसऱ्या खोलीत.

आपल्या निनादच्या खोलीला लागूनच मालकीणबाईंची खोली आहे. त्यामुळे रात्री त्याचा माइक बंद. तो गिल्डमध्ये मुका राहतो, मान हलवतो, हातवारे करतो, फारच गरज पडली तर हवेत तरंगणाऱ्या कीबोर्डवर एकेक अक्षर नेम धरून टाइप करतो. असे न बोलता खेळणारे लोक व्हीआरमध्ये खरोखर असतात. एका भिंतीमुळे अर्धं कथानक मिळालं.

दुसरा निर्णय इथेच घ्या: आजचा हेडसेट की अख्खं शरीर आत ओढून घेणारं भविष्यातलं यंत्र? दुसरं अजून अस्तित्वात नाही, त्यामुळे त्यात काहीही चालतं, आणि काहीही चालतं म्हणूनच विनोद पातळ होतो. माझं मत आजच्या हेडसेटच्या बाजूने. काळ मात्र जुळवा. वायरशिवाय चालणारा पहिला क्वेस्ट हेडसेट मे २०१९ मध्ये आला. २०१५ सालातल्या पीजीमध्ये नायकाला तसला हेडसेट देऊ नका.

सावधान: ‘खेळात मेला तो खरा मेला’ हा नियम घेतलात की कादंबरी हलकीफुलकी राहत नाही. हरल्यावर फार तर गिल्डसमोर नाक कापलं जावं.

## टप्पा २: नियम तीनच, पण कामाचे

खेळाची पन्नास पानी नियमावली तुमच्या वहीत राहू दे. वाचकाला तीनच नियम द्या: एक दोघांना बांधणारा, एक दोघांना लांब ठेवणारा आणि एक भलत्या वेळी बिघडणारा.

बांधणारा नियम सोपा असतो. वैद्य आणि ढालकरी अशी जोडी नोंदवल्याशिवाय किल्ल्यात प्रवेश नाही, आणि एकदा नोंदवलेली जोडी हंगाम संपेपर्यंत मोडता येत नाही. झालं.

लांब ठेवणाऱ्या नियमासाठी बाहेर फार शोधायची गरज नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने (फेसबुकवाली कंपनी) आपल्या होरायझन वर्ल्ड्स या व्हीआर दुनियेत अवतारांभोवती न दिसणारी हद्द आणली, दोन अवतारांमध्ये जवळपास ४ फूट अंतर राहील अशी. कारण गंभीर होतं, लोक अंगचटीला येत होते. प्रेमकथा लिहिणाऱ्याला मात्र यात सोनं दिसायला हवं. तुमच्या खेळात अशी हद्द ठेवा, तिला साधं मराठी नाव द्या (मी ‘कडं’ म्हणेन) आणि नियम करा की दोघांनी आपापल्या बाजूने काढलं तरच कडं उघडतं. आता ‘कडं आधी कोण काढणार’ या एका प्रश्नावर सहा प्रकरणं चालतील. संमतीचा मुद्दा भाषण न देता येतो, हा वरचा फायदा.

बिघडणारा नियम म्हणजे नेट, बॅटरी, सर्व्हरची देखभाल. तो दोनदा वापरा. तिसऱ्यांदा वाचक चिडतो.

तपासा: प्रत्येक नियम खोडून बघा. तो नसतानाही प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल तर तो नियम शोभेचा आहे, काढून टाका. आकड्यांच्या चौकटीही (ताकद ४०, चपळाई ३२) प्रकरणात एकापेक्षा जास्त नकोत. आणि ती एक चौकट हसवणारी हवी.

## टप्पा ३: दोन माणसं

दोघंही प्रौढ आहेत हे पहिल्या प्रकरणातच स्पष्ट करा. नोकरी, भाडं, हप्ता, काहीही चालेल. खेळ म्हटला की वाचक शाळकरी मुलं कल्पतो, म्हणून हे ‘पुढे येईलच’ म्हणून सोडू नका.

मग प्रत्येकाला प्रेमाखेरीज एक गरज द्या. निनादला या हंगामात गिल्डच्या पहिल्या दहांत यायचंय. सुजयला खेळात फार रस नाहीच, पुण्यात ओळखी नाहीत म्हणून तो संध्याकाळी तिथे येतो. पहिल्याला जिंकायचंय, दुसऱ्याला गप्पा मारायच्यात. भांडणाला एवढं पुरे.

आपण गे आहोत हे कुणाला किती माहीत, ते दोघांसाठी वेगळं ठरवा. सुजयने धाकट्या बहिणीला सांगितलंय आणि ती त्याला स्थळं सुचवून वैताग आणते. निनादने कुणालाच सांगितलेलं नाही, पण तो रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडतही नाही. त्याला फक्त अजून वेळ मिळालेला नाही, असं तो स्वतःला सांगतो.

इथे होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या आहेत. दोघांतला एक ‘बायकी’ करून त्याच्यावर हसवणं. स्ट्रेट मुलगा केवळ नायकासाठी ‘बदलतो’ असं दाखवणं. आणि सर्वांत वाईट म्हणजे बाईच्या अवतारामागे पुरुष निघाला हाच कादंबरीचा मोठा विनोद करणं. आपल्या कथेत उलट करा. सुजयला मुलगे आवडतात हे वाचकाला दुसऱ्याच प्रकरणात माहीत असू दे. मग ही मुकी वैदीण त्याला आवडू लागते आणि तो गोंधळून बहिणीला फोन करतो, ‘अगं, मला काहीतरी झालंय.’ आता हसू सुजयच्या गोंधळाचं आहे, कुणाच्या अवताराचं नाही.

सावधान: वैदिणीमागे पुरुष आहे हे सत्य प्रेमाच्या कबुलीआधी बाहेर आलंच पाहिजे, आणि ते निनादने स्वतः सांगितलं पाहिजे. पकडला गेला तर पुढची सगळी पानं माफी मागण्यात जातील.

## टप्पा ४: मराठीचं क्रियापद सांभाळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथेच उघडी पडतात. मराठीत ‘मी’ म्हणताच क्रियापद चुगली करतं. आलो की आले, थांबतो की थांबते, दमलो की दमले. बाईचा अवतार घेऊन बसलेला निनाद चॅटमध्ये काय लिहील, हे ठरवल्याशिवाय एकही संवाद लिहू नका.

त्याला खोटंही बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही. मग तो अशी वाक्यं शोधतो ज्यांत लिंग दिसत नाही. मराठीत ती भरपूर आहेत:

- ‘मला भूक लागली’, ‘मला वाटतं’, ‘माझं झालं’
- ‘मी तलवार उचलली’, ‘मी दार उघडलं’ (क्रियापद तलवारीच्या, दाराच्या मागे जातं)
- ‘मी येईन’, ‘मी थांबू का?’, ‘मी इथंच आहे’
- ‘मी नवीन आहे’ चालेल, ‘मी नवा आहे’ नाही. ‘एकटा/एकटी’ तर नकोच.

खड्डे कुठे आहेत तेही लिहून ठेवा. विसरणं, शिकणं, बोलणं, जेवणं ही क्रियापदं भूतकाळातही बोलणाऱ्याच्या मागे जातात. ‘मी औषध दिलं’ म्हणून सुटका होते, ‘मी औषध द्यायला विसरलो’ म्हणताच संपलं. ‘मी पूर्वी खेळायचो’ हाही तसाच खड्डा. माझ्या मते पहिली चूक ‘विसरलो’वरच व्हावी, कारण घाईत माणूस तेच टाइप करतो. चॅट रोमन लिपीत असेल तर ‘आलो’ आणि ‘आले’त एकाच अक्षराचा फरक, पण ती दोन अक्षरं कीबोर्डच्या वरच्या ओळीत एकमेकांपासून लांब. बोट घसरलं ही सबब टिकत नाही.

आता गंमत. वैदीण ‘विसरलो’ लिहिते आणि गिल्डचा कप्तान म्हणतो, ‘ही कोल्हापूरची दिसते.’ कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात हे सगळ्यांना माहीत. निनाद हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पण गिल्डमध्ये खरा कोल्हापूरकर बसलाय.

‘व्हय? कोल्हापुरात कुठं?’

बराच वेळ कीबोर्डवर नेम धरून: ‘रंकाळा.’

‘रंकाळा लई मोठा हाय. कुठल्या अंगाला?’

निनाद हेडसेट कपाळावर सरकवून फोनवर नकाशा उघडतो. खेळात त्याचा अवतार मान वर करून आकाशाकडे बघत उभा.

दुसरं हत्यार सर्वनामाचं. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही दमलात’ यात बाई की पुरुष कळत नाही. ‘तू’ म्हटलं की आलास किंवा आलीस यातलं एक निवडावंच लागतं. म्हणून सत्य कळल्यावर सुजय ‘तू’वरून घाबरून ‘तुम्ही’वर जातो. जवळीक वाढण्याऐवजी एकदम आदर! तो परत ‘तू’वर येईल आणि पहिल्यांदा ‘आलास?’ म्हणेल, ते वाक्य कादंबरीतल्या कुठल्याही चुंबनाइतकं महत्त्वाचं आहे. ते गर्दीच्या प्रसंगात वाया घालवू नका.

तिसरं: ‘भावा’. कोल्हापूरचा मुलगा दिवसातून चाळीस वेळा भावा म्हणतो. निनादने खरं सांगितल्यावर सुजयच्या तोंडून सवयीने ‘बरं झालं सांगितलंस भावा’ निघतं आणि निनाद दोन दिवस लॉगिन करत नाही.

खेळाचे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवा: हेडसेट, कंट्रोलर, लॅग, लेव्हल, लॉगिन. ‘आभासी शिरस्त्राण’ लिहिलंत तर प्रेमप्रसंगात वाचकाला सरकारी परिपत्रक आठवेल. ‘गे’ हा शब्दही पात्रांच्या तोंडी सहज येऊ द्या, ‘समलिंगी’ बातमीत शोभतो.

तपासा: सत्य उघड होईपर्यंतचा निनादचा प्रत्येक संवाद वेगळ्या फाइलमध्ये काढून एकट्याने मोठ्याने वाचा. एक ‘गेलो’ राहिला असेलच.

## टप्पा ५: स्पर्श कशाचा, कशाचा नाही

या टप्प्यात फारसं लिहायचं नसतं, खोडायचं असतं. ‘त्याच्या श्वासाची ऊब’, ‘केसांचा वास’, ‘तळहाताचा ओलावा’ हे खेळात नाही. आहे ते असं: कंट्रोलरची थरथर, कानाशी बोलल्यासारखा आवाज आणि मानेची हालचाल. ‘डोळ्यांत डोळे घालून’ लिहिताना थांबा. बहुतेक साध्या हेडसेटमध्ये डोळ्यांची हालचाल टिपलीच जात नाही, अवताराची नजर सॉफ्टवेअर अंदाजाने फिरवतं. म्हणजे निनाद लाजून खाली बघतो आणि त्याचा अवतार मात्र सुजयकडे टक लावून. यावर एक अख्खं प्रकरण होईल.

काही खेळाडूंना अवताराला कुणी हात लावला तर खऱ्या अंगावर हलकी जाणीव होते. हे एकदाच वापरा, कडं उघडतं तेव्हा.

मळमळ विसरू नका. डोळ्यांना वाटतं आपण पळतोय, कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला माहीत असतं आपण उभे आहोत. नवा खेळाडू घोड्यावरून दौडत प्रेयसाला वाचवायला निघतो आणि तीन मिनिटांत गादीवर बसून लिंबू चोखतो.

## टप्पा ६: प्रसंगांचा क्रम

२४ प्रकरणं, प्रत्येकी साधारण २,००० शब्द धरा. भागाभागाने ऑनलाइन टाकायलाही हे माप बरं पडतं.

1. प्रकरण १: दोघं पहिल्या हजार शब्दांत एकमेकांसमोर. नकाशा नंतर.
2. प्रकरण २ ते ५: सुजयबद्दल वाचकाला कळतं. जोडी नोंदवावी लागते. ‘विसरलो’, कोल्हापूर, रंकाळा.
3. प्रकरण ६-७: निनाद खरं सांगतो. सुजयला आतून हायसं वाटतं, तोंडाने ‘भावा’ निघतं.
4. प्रकरण ८ ते १२: ‘तुम्ही’चा काळ. जोडी मोडता येत नाही म्हणून रोज भेट. इथे घाई करू नका, वाचक याचसाठी आलाय.
5. प्रकरण १३: योगायोग.
6. प्रकरण १४ ते १९: त्याचे परिणाम, ‘आलास?’, कडं.
7. प्रकरण २० ते २४: भांडण, हंगामाचा शेवट, खोलीबाहेरची भेट.

तेरावं प्रकरण जरा उलगडतो. रविवारची सकाळ. निनादचं कोपर लागून माइक चालू राहिलाय. सुजयला खिडकीतून भंगारवाल्याच्या भोंग्याचा आवाज येतो, आणि क्षणभराने तोच आवाज, तीच ओळ, हेडसेटमधून. मग कुकरची शिट्टी. मग मालकीणबाई: ‘निनाद, दूध वर आलंय!’ दोघं एकाच कॉलनीत राहतात. प्रेमकथेला एक योगायोग माफ असतो, पण त्याने अडचण वाढली पाहिजे. आता सुजयला माहीत आहे, निनादला नाही.

सावधान: सुजयने हे पुढच्या एक-दोन प्रकरणांत सांगून टाकलंच पाहिजे. तो गपचूप कॉलनीत निनादला शोधत फिरू लागला की तुम्ही वेगळ्याच प्रकारची कादंबरी लिहिताय. सांगताना तो अडखळू दे, सांगायला तीनदा येऊन तीनदा राक्षसाविषयी बोलून जाऊ दे. लपवू मात्र देऊ नका.

## टप्पा ७: खोलीबाहेर

पहिली खरी भेट बहुतेक लोक कॅफेत घालतात. नको. हेडसेट तासभर घातला की कपाळावर आणि गालांवर त्याच्या कडेचा वण उमटतो. सकाळी दुधाच्या पिशवीसाठी दुकानासमोर दोन माणसं उभी, दोघांच्या तोंडावर तोच वण. ठरलेल्या भेटीच्या दोन दिवस आधी. ओळख पटायला नाव विचारावं लागत नाही. संवाद तीन-चारच ओळींचा ठेवा.

आवाज खेळात कानाशी होता, आता चार फुटांवर आहे. उंचीचा अंदाज चुकलाय. आणि इथे कडं नाही, म्हणजे किती जवळ उभं राहायचं ते दोघांनाच ठरवायचंय. खेळात बिनधास्त असलेले दोघं इथे पिशवीची गाठ सोडत बसतात.

शेवटाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली नाही. त्यामुळे आजच्या पुण्यात घडणाऱ्या कादंबरीत नोंदणी कार्यालयातलं लग्न लिहिता येत नाही. खेळात मात्र येतं. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात २०१४ च्या डिसेंबरात जोडप्यांचा विधी आला तेव्हा त्याला स्त्री-पुरुषाची अट नव्हती. तुमच्या खेळात असा सोहळा ठेवलात तर गिल्डच्या कप्तानाला मंगलाष्टकं म्हणू द्या, मधेच त्याचं नेट जाऊ द्या, अर्धी अक्षता हवेत गोठू द्या. निकालावर पात्रांना भाषण देऊ नका. ‘इथं तरी फॉर्म भरून घेतात’ एवढं सुजयचं एक वाक्य पुरे.

घरच्यांना सांगायचं की नाही हा प्रश्न या कादंबरीत सुटलाच पाहिजे असं नाही. बहिणीला निनादचा फोटो हवाय आणि सुजय तिला वैदिणीचा स्क्रीनशॉट पाठवतो, इथवर आलात तरी चालेल.

## टप्पा ८: पाठवण्याआधी

तीन वाचक शोधा. एक व्हीआर खेळणारा, एक गे मित्र आणि एक असा जो यातलं काहीच जाणत नाही पण प्रेमकथा भरपूर वाचतो. तिघांना एकच प्रश्न विचारा: कुठल्या पानावर फोन उचललात? ‘कशी वाटली’ विचारलंत तर ‘छान’ ऐकायला मिळेल आणि काही हाती लागणार नाही. गे मित्राने एखाद्या विनोदापाशी फुली मारली तर वाद घालू नका, तो विनोद काढा. शंभरातले नव्याण्णव तरीही उरतात.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला असू द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल ऑनलाइन टाकली की वाचकाला अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो. छापील आवृत्ती स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला नमस्कार करा.

भागाभागाने टाकणार असाल तर किमान दहा प्रकरणं तयार असल्याशिवाय पहिलं टाकू नका. पाचव्या भागानंतर वाचक ‘पुढचा कधी’ विचारायला लागतात, तुम्ही घाईत लिहिता, आणि त्या घाईत निनाद सत्य सांगण्याच्या एक प्रकरण आधीच ‘मी जेवलो’ म्हणून मोकळा होतो.